कागदावर उरलेले गाव

उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते असेच वर आले होते. लोक दूरदूरहून पाहायला आले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली, मोबाइलवर चित्रफिती फिरल्या. त्या सर्वांत मंदिर होते, भेगाळलेला गाळ होता, पडक्या भिंतींचे दगड होते. गाव मात्र त्यांत नव्हते. गाव म्हणजे पारावर बसणारी माणसे, नदीच्या काठावर धुणे आपटणाऱ्या बाया, मांडवाखाली दाटीवाटीने उभे राहिलेले वऱ्हाड. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील अनेक गावठाणे व काळ्या जमिनी यशवंतसागराखाली गेल्या. दगड पाण्याखाली टिकतो, म्हणून मंदिर पुन्हा दिसते. माणसांचे तसे होत नाही.

मग ते गाव आज कोठे पाहावे? सरकारी दप्तरात गट क्रमांक, क्षेत्र आणि मोबदल्याचे आकडे सापडतील. जुन्या गावचे चेहरे मात्र पुनर्वसित वसाहतींतल्या घरांत आहेत. ते लोखंडी ट्रंकेत लुगड्याच्या घडीखाली आहेत, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर काचेमागे आहेत, जमिनीच्या कागदांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. ही छायाचित्रे संख्येने फार थोडी आहेत. कित्येक घरांत एकच आहे, कित्येक घरांत एकही नाही. तरीही पन्नास-साठ वर्षांनंतर ती हातात घेऊन पाहता येतात. उलट गेल्या वीस वर्षांत याच घरांतून काढली गेलेली हजारो छायाचित्रे आज मागितली तर सापडत नाहीत.

आम्ही दोघे बारामती आणि इंदापूर येथे मराठी शिकवतो. छायाचित्रकला हा आमचा विषय नव्हे. परंतु संहिता कशी टिकते, कशी बिघडते आणि कशी नष्ट होते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. त्याच दृष्टीने पाहता आमचे मत असे झाले आहे की, घराण्याची छायाचित्रे पुढच्या पिढीच्या हाती पडावीत असे वाटत असेल तर ती चांगल्या कागदावर छापली पाहिजेत, निवडून थोडीच छापली पाहिजेत, एकाहून अधिक घरांत ठेवली पाहिजेत आणि त्यांच्या पाठीवर नावे लिहिली पाहिजेत. या चारांपैकी एक जरी गळले तरी उरलेल्या तिहींचे मोल बरेच कमी होते.

आधी जुनी छायाचित्रे का टिकली ते पाहू. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्या सभासदांत होती. भीमा-नीरेकाठच्या शेतकऱ्याच्या घरी मात्र कॅमेरा फार उशिरा पोचला, आणि तोही घरचा नव्हे. तालुक्याच्या गावातील स्टुडिओत जायचे, रंगवलेल्या पडद्यापुढे लाकडी खुर्चीवर बसायचे, किंवा लग्नाला छायाचित्रकार बोलवायचा. ज्यांच्याकडे थोडा पैसा असे त्यांच्याकडे पुढे आग्फाचा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा आला. त्याच्या एका रोलवर बारा छायाचित्रे निघत. बाराच निघतात म्हटल्यावर माणूस विचार करून कळ दाबतो.

या कृष्णधवल छायाचित्रांतील प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद असो वा परदेशी कागद असो, तत्त्व एकच. छायाचित्रकाराने ते हायपोमध्ये नीट स्थिर केले असेल आणि नंतर वाहत्या पाण्यात पुरेसे धुतले असेल, तर ते शंभर वर्षे सहज टिकते. धुण्यात कसूर झाली असेल तर हायपोचा अंश कागदात राहतो आणि काही वर्षांत पिवळे-तपकिरी डाग उमटतात. म्हणजे आज आपल्या भिंतीवर पणजोबांचा चेहरा स्वच्छ दिसतो त्यामागे कोणा अनामिक छायाचित्रकाराने अंधाऱ्या खोलीत घेतलेले कष्ट असतात. आमचा भाग अवर्षणप्रवण, हवा बहुतेक महिने कोरडी. कोकणात बुरशी जे करते ते येथे सहसा होत नाही. येथे शत्रू म्हणजे पत्र्याखालची उष्णता, कसर आणि वाळवी.

यानंतरचा थर रंगीत छायाचित्रांचा. साधारण १९८० नंतर लग्नाचे फोटो रंगीत झाले आणि लोकांना ते अर्थातच आवडले. रंगीत छायाचित्रात शेवटी चांदी उरत नाही. तीन रंगांची रंजके उरतात आणि ती तिन्ही सारख्या वेगाने विटत नाहीत. त्या काळच्या कागदांत निळसर रंजक सर्वांत आधी जाई, अगदी अंधारात ठेवलेल्या अल्बममध्येही. म्हणून त्या दशकांतली छायाचित्रे आज तांबूस झालेली दिसतात. हिरवा शालूही तांबडा आणि आकाशही तांबडे. त्यात भर पडली चिकट पानांच्या अल्बमची. पारदर्शक पापुद्रा उचलायचा, फोटो चिकटवायचा, पापुद्रा परत बसवायचा, ही सोय तेव्हा घरोघरी गेली. तो डिंक वर्षानुवर्षे फोटोच्या पाठीत मुरतो आणि आता फोटो सोडवू गेले तर फाटतो. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. ‘छापलेले टिकते’ हे विधान सरसकट खरे नाही. चांगले छापलेले आणि बरे जपलेले टिकते.

तिसरा थर अंकीय छायाचित्रांचा, आणि आमची खरी चिंता येथे आहे. २००० नंतरच्या दशकात तालुक्याच्या गावीही डिजिटल कॅमेरे आले. लग्नाची छायाचित्रे सीडीवर आणि पुढे डीव्हीडीवर मिळू लागली. घरी लिहिल्या जाणाऱ्या या तबकड्यांत रंजकाचाच थर असतो आणि तोही कालांतराने बिघडतो. तबकडी धड असली तरी ती वाचणारे यंत्र आजच्या संगणकांत बहुधा नसते. अनेकांनी छायाचित्रे ऑर्कुटवर ठेवली; ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मग मोबाइल आले, मेमरी कार्डे आली, मोबाइल पाण्यात पडले, कार्डे नादुरुस्त झाली. गुगलने छायाचित्रे अमर्याद फुकट साठवण्याची सोय २०१५ मध्ये दिली आणि १ जून २०२१ पासून तिला मर्यादा घातली. डिसेंबर २०२३ पासून तर दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे त्या कंपनीचे धोरण लागू झाले. कंपनीच्या दृष्टीने ते रास्तही असेल. पण त्याचा घरगुती अर्थ असा की, माणूस गेला, त्याचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, आणि दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याची छायाचित्रेही जाऊ शकतात. पूर्वी माणूस गेल्यावर त्याची ट्रंक उघडली जाई. आता ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली माणसाबरोबर गेली, आणि ट्रंक दुसऱ्याच्या घरात आहे.

जे मोबाइलवर दिसते ते तरी पूर्ण असते का? व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेले छायाचित्र आकाराने बरेच लहान केलेले असते. त्याची लांब बाजू साधारण सोळाशे ठिपक्यांची राहते. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे सहा बाय चार इंचांच्या फोटोला अठराशे बाय बाराशे ठिपके हवेत, आणि आठ बाय दहाला तीन हजार बाय चोवीसशे. कुटुंबाच्या गटावरून गोळा केलेला आजोबांचा फोटो पडद्यावर लख्ख दिसतो आणि भिंतीवर लावण्यासाठी मोठा केला की चेहऱ्याचे लोणी होते, ते यामुळे. त्याच गटावरून ते छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर मूळचे ठिपके शाबूत राहिले असते. २०२३ पासून एचडी पाठवण्याची सोयही आहे. परंतु हे विचारात कोण घेतो? फोटो दिसला, अंगठा उमटवला, बोट पुढे सरकले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. अंकीय प्रत ही मुळाबरहुकूम प्रत असते, तिची शंभरावी प्रतही पहिलीइतकीच चोख असते, आणि ती जगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर आला तेव्हा बारामतीत नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. अशा वेळी भिंतीवरचा फोटो काय कामाचा, असे कोणी विचारील. आक्षेपातील तथ्य आम्हांस मान्य आहे. जुन्या छायाचित्रांची अंकीय प्रत काढून ठेवलीच पाहिजे. लहान छायाचित्र निदान सहाशे ठिपक्यांच्या घनतेने स्कॅन करावे, पासपोर्ट आकाराचे असेल तर बाराशेने. पण पुराचा दाखला दोन्ही बाजूंनी बोलतो. मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. त्यानंतर स्वयंसेवकांनी चिखलातून लाखो छापील छायाचित्रे वेचली, पाण्यात हलक्या हाताने धुतली, दोरीवर वाळवली आणि लोकांनी येऊन आपापली माणसे ओळखावीत म्हणून मांडून ठेवली. ज्याचे घर गेले, गाव गेले, त्याला चिखलातून आपल्या आईचा चेहरा परत मिळाला. तो मिळू शकला, कारण छायाचित्र पाहण्यासाठी डोळ्यांवाचून दुसरे काही लागत नाही, आणि अनोळखी माणसालाही ते उचलताना हे कोणाचे तरी आहे एवढे कळते. चिखलात सापडलेल्या हार्ड डिस्कवर कोणाचा चेहरा दिसत नाही.

कागद की संगणक, असा हा वाद नाहीच. मराठीच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न पोथीच्या अंगाने पाहावा. मोरोपंत बारामतीस राहिले आणि १७९४ मध्ये तेथेच वारले. छापखाना त्यांच्या हयातीत बारामतीस पोचलेला नव्हता. त्यांची ‘केकावली’ आणि आर्याभारत आपल्या हाती आहे ते लोकांनी नकला केल्या म्हणून. एक पोथी कसरीने खाल्ली तरी दुसऱ्या घरची राहिली, दुसरी विहिरीत गेली तरी तिसऱ्या गावची राहिली. याच्या उलट इतिहासाचार्य राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव हिंडले तेव्हा काय आढळले ते सर्वज्ञात आहे. जेथे कागदाची एकच प्रत होती तेथे ती उंदीर, ओल आणि रद्दीवाला यांच्या मर्जीवर होती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि त्यापुढील खंडांत जे छापले गेले ते वाचले. शेकडो घरांतून जे तोवर नष्ट झाले होते त्याची मोजदाद कोण करणार? आपल्या घरातील छायाचित्रांची आजची अवस्था राजवाडेपूर्व दप्तरांसारखी आहे. ती आहेत, एकाच ठिकाणी आहेत, आणि कोणाचे लक्ष नाही.

चांगली छपाई म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे. कारण ‘प्रिंट काढली’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या वस्तू येतात. घरच्या प्रिंटरवर साध्या शाईने काढलेली प्रत उजेडात आणि हवेत लवकर विटते. लॅबमध्ये प्रकाशसंवेदी रंगीत कागदावर काढलेली आजची प्रत १९८० च्या प्रतीहून कितीतरी टिकाऊ असते. १९९० नंतर या कागदांतील रंजकांत मोठी सुधारणा झाली. पिगमेंट शाईने चांगल्या, आम्लविरहित कागदावर काढलेली प्रत त्याहूनही अधिक टिकण्याची अपेक्षा असते, पण ती महाग पडते आणि तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. घरातील दोन-चार महत्त्वाच्या चेहऱ्यांसाठी तेवढा खर्च करावा. बाकीच्यांना लॅबची प्रत पुरे. तिची किंमत आज वडापावाच्या आसपास आहे, तेव्हा पैशाची सबब फार ताणता येणार नाही. काढताना एवढेच विचारावे की कागद कोणता आणि छपाई कोणती. ज्या दुकानात या प्रश्नाला उत्तर मिळत नाही तेथून पुढच्या दुकानात जावे.

जपण्याचे नियमही थोडेच आहेत. लॅमिनेशन करू नये. आपल्याकडे ते फोटोचे चिलखत समजले जाते, पण एकदा केले की सोडवता येत नाही आणि आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. काचेला फोटो थेट टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी. नाहीतर एखाद्या पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि ओढला की चेहरा काचेवर राहतो. दिवंगतांच्या तसबिरीला हळदकुंकू लावायचे ते काचेवर, हे तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्याहून चांगले कळते. उन्हाच्या भिंतीवर मूळ फोटो लावू नये, त्याची प्रत लावावी. पीव्हीसीच्या वास मारणाऱ्या पिशव्या टाळाव्यात. साध्या कागदी लिफाफ्यात, कपाटाच्या मधल्या खणात, भिंतीपासून थोडे दूर ठेवलेले छायाचित्र आमच्या कोरड्या हवेत उत्तम राहते.

पण कागद, शाई आणि लिफाफा यांच्याही आधीचा प्रश्न निवडीचा आहे. बारा छायाचित्रांच्या रोलमध्ये निवड आपोआप होत होती. आज एका बारशात पाचशे छायाचित्रे निघतात आणि पाचशे छायाचित्रे म्हणजे कोणीच पाहणार नाही असा ढीग. लग्नाचे करिझ्मा अल्बम छापलेले असतात, जाड असतात, टिकतीलही. मात्र त्यांत वधूवरांच्या मागे कधी न पाहिलेले बर्फाचे डोंगर असतात आणि ज्या अंगणात मांडव पडला ते अंगण कापून टाकलेले असते. स्वयंपाकघरात राबणाऱ्या चुलत्या, पंगतीत वाढणारे भाऊबंद, बैलगाडी जाऊन आलेला ट्रॅक्टर, नव्याने बांधलेल्या भिंतीवर ओला चुना, यांतले काही त्यात येत नाही. पन्नास वर्षांनी नातवंडांना नेमके तेच पाहावेसे वाटेल. उजनीपूर्वीच्या लग्नाचा फोटो आज पाहताना लोक नवरदेवाकडे कमी आणि मागच्या भिंतीकडे जास्त पाहतात. ‘ही आपली ओसरी’, ‘हा पाटलांचा वाडा’, ‘हे लिंबाचे झाड तेव्हा होते’, असे बोट ठेवून सांगतात. छायाचित्रकाराला जे आनुषंगिक वाटले होते तेच आज मुख्य झाले आहे.

निवडीइतकाच गंभीर प्रश्न दुरुस्तीचा. ग्रामीण भागातील असंख्य घरांत आजीचे स्वतंत्र छायाचित्र नसतेच. ती गेल्यावर कोणा लग्नातील समूहचित्रातून, शिधापत्रिकेच्या किंवा मतदार ओळखपत्राच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला जातो. कापताना डोक्यावरचा पदर नीट केला जातो, कपाळावरचे गोंदण पुसले जाते, गालावरच्या सुरकुत्या जातात, रंग दोन छटांनी उजळतो, अंगावर कधी न नेसलेली भरजरी साडी येते. मुलांचा भाव निर्मळ असतो. आयुष्यभर जिला मिळाले नाही ते तिला शेवटी द्यावे, ही ती इच्छा. आम्ही तिचा उपहास करणार नाही. परंतु पुढच्या पिढीला मग आजी मिळत नाही, एक गोरी अनोळखी बाई मिळते. संपादनशास्त्रात आपण शिकवतो की संपादकाने पाठ सुधारला तरी मूळ हस्तलिखित फेकू नये. येथेही तोच नियम लागू आहे. भिंतीवर उजळलेली आजी खुशाल लावावी, पण ज्या चुरगळलेल्या समूहचित्रातून ती घेतली त्याची न सुधारलेली प्रत काढून जपावी. त्या प्रतीत तिचे गोंदण आहे, आणि तिच्या शेजारी कोण उभे आहे तेही आहे.

ज्यांच्या घरी एकही छायाचित्र नाही त्यांचे काय? हा प्रश्न टाळून घराण्याच्या छायाचित्रांवर लिहिणे म्हणजे ज्यांच्याकडे भिंत होती त्यांच्याच भिंतींवर लिहिणे होय. शेतमजूर, ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे, गावकुसाबाहेर राहिलेली माणसे यांचे चेहरे शाळेच्या समूहचित्रात, सरकारी ओळखपत्रात, किंवा दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोत कडेला उभे सापडतात. म्हणून सधन घरांनी आपली जुनी समूहचित्रे स्कॅन करताना कडेच्या माणसांना कापू नये. वाजंत्री, हमाल, पाणी भरणारी बाई यांची नावे विचारून घ्यावीत आणि शोध लागल्यास त्यांच्या नातवंडांना एक प्रत पोचती करावी. आपल्या अल्बममधील ती कड दुसऱ्या एखाद्या घराचा एकमेव पुरावा असू शकते.

आता नावांविषयी. नाव नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांत मुके होते. तिसऱ्या पिढीला ते ‘जुन्या काळातले कोणीतरी’ असते आणि चौथी पिढी चौकट ठेवून फोटो टाकून देते. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी उतरवून घेतल्या नसत्या तर १९५२ चे पुस्तक निघालेच नसते, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. छायाचित्राच्या बाबतीत उतरवून घेणे म्हणजे पाठीवर लिहिणे. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्यातून व इतरत्र जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या संग्रहाचे मोल केवळ लाखाच्या संख्येत नाही. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले गेले, म्हणून ती ‘लोकसाहित्य’ या निनावी पोत्यात न पडता कोणा एकीची राहिली. आपल्या छायाचित्रांना हीच शिस्त हवी. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावे: डावीकडून उजवीकडे कोण, कोणाचे कोण, कोणते गाव, कोणता प्रसंग, अंदाजे कोणते वर्ष. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो, म्हणून तो नको. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून तो सोबत ठेवावा. स्त्रियांची नावे लिहिताना ‘सौ.’ आणि नवऱ्याचे नाव एवढ्यावर थांबू नये. माहेरचे नाव, माहेरचे गाव लिहावे. ती माहिती साधारणपणे दुसऱ्या कोणत्याही कागदावर नसते.

हे करायला वेळ फार नाही. धरण पूर्ण झाले तेव्हा जे वीस वर्षांचे होते ते आज पासष्टी ओलांडून गेले आहेत. जुने गावठाण पाहिलेली, तेथील पारावर खेळलेली ही शेवटची पिढी. छायाचित्रातील घर कोणाचे, चौथी उभी असलेली मुलगी कोणाची, हे सांगणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत. छायाचित्र पुढेही राहील, पण त्याला ओळखणारे कोणी नसेल.

महाविद्यालयांनी यात काय करावे? आमची सूचना साधी आहे. भाषा आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावाच लागतो. आंतरजालावरून उतरवलेल्या प्रकल्पाऐवजी प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या घरातील एक छायाचित्र घ्यावे, ते घरातील वडीलधाऱ्यांपुढे धरावे, आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. मूळ छायाचित्र घरातून हलवू नये. महाविद्यालयांची कपाटे घरच्या ट्रंकेहून सुरक्षित असतातच असे नाही. तेथेच स्कॅन करावे, तीन प्रती छापाव्यात, एक त्या घरी, एक ग्रंथालयात आणि एक विद्यार्थ्याजवळ. भीमेकाठच्या एकेका गावातून पंधरा-वीस छायाचित्रे अशी जमली तरी बुडालेल्या गावाचा नकाशा माणसांसह उभा राहील. त्यात विद्यार्थ्याला व्यक्तिचित्र म्हणजे काय, बोली म्हणजे काय, आणि साधन म्हणजे काय, हे तिन्ही कळेल. आणि ते आमच्या व्याख्यानांतून कळते त्याहून बरे कळेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

आणि घरांनी काय करावे? दिवाळीत घर झाडले जाते, वह्या नव्या होतात, लेकी माहेरी येतात. त्या चार दिवसांत सर्वांनी बसून सरत्या वर्षाची बारा छायाचित्रे निवडावीत. बाराच. त्यांत सणाचे एक, शेताचे एक, घराच्या बाहेरच्या बाजूचे एक आणि स्वयंपाकघराचे एक असावेच. ती लॅबमधून चांगल्या कागदावर दोनदा छापून आणावीत, पाठीवर नावे लिहावीत, आणि लेक परत जाताना तिच्या पिशवीत एक संच घालावा. सासरी एक, माहेरी एक. वीस वर्षांत दोन घरांत मिळून चारशे ऐंशी प्रती होतील. त्या चपलांच्या दोन खोक्यांत मावतात, आणि त्या पाहायला परवलीचा शब्द लागत नाही.